लिहिणं राहिलं

वाईहून नागपूरला बदली झाली तेव्हा विश्वनाथ मेणवलीकरांनी सगळं सामान नीट बांधून आणलं. पितळी बंब आणला, देव आणले, लोणच्याची बरणी मांडीवर धरून आणली, आणि आपल्या दोन कवितासंग्रहांच्या न खपलेल्या प्रतींचे गठ्ठेही आणले. हे शेवटचं ओझं वाईलाच ठेवलं असतं तरी चाललं असतं, असं त्यांच्या पत्नीचं, कौसल्याबाईंचं मत होतं. पण बोलून दाखवताना त्यांनी नाव लोणच्याच्या बरणीचं घेतलं. नागपुरात बस्तान बसलं, आणि मग विश्वनाथरावांच्या ध्यानात आलं की एक जिन्नस मागेच राहिला. कविता आली नव्हती.

आता कविता म्हणजे काही पानाचा डबा नव्हे, की निरोप धाडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आली. त्यातून विश्वनाथरावांची कविता प्रकृतीने फार नाजूक. ती फक्त कृष्णेच्या घाटावर यायची, संध्याकाळीच यायची, आणि पोटात तडस लागलेली असली की तेवढ्यावरूनही रुसून जायची. 'पायरी पायरीने उतरते सांज, पाऊल न वाजवता' ही त्यांची ओळ वाईत बरीच गाजली होती. म्हणजे वाचनालयाच्या चिटणिसांनी ती ऐकून डोळे मिटले होते आणि नंतर उघडलेही होते. एरवी विश्वनाथराव समोरून येताना दिसले की वाईकर पलीकडच्या बोळात वळत. न जाणो, खिशात नवी कविता असायची.

साल अडुसष्ट. नोकरी सरकारी हिशेब तपासायच्या कचेरीत, आणि बिऱ्हाड महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत. घरमालक रुपरावजी गिरणीतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. सारा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते कानात कुजबुजले तरी चौकातल्या पानवाल्याला कळत असे. त्यांच्या पत्नी प्रयागबाईंचं माहेर भिवापूरचं. तिकडच्या मिरच्या पोत्याने मागवून त्या तिखट-मसाला कुटून विकत, आणि त्यांचं उखळ विश्वनाथरावांच्या टेबलाच्या बरोबर खाली. समोर देवरावचं दुकान; तो पत्र्याच्या कोठ्या आणि डबे ठोके. म्हणजे खालून मुसळ, समोरून हातोडी, आणि मधोमध कोऱ्या कागदापुढे, ठसक्याने डोळ्यांत पाणी आलेले कवी.

विश्वनाथरावांनी मे महिन्यात सांजेवर लिहून पाहिलं. पण इथली सांज पायरी पायरीने उतरायला तयारच नव्हती. ऊन सात वाजेपर्यंत ठाण मांडून बसे, आणि गेलं तरी भिंतीत आपली धग ठेवून जाई. पुढे हवा निवली, झाडं हिरवी झाली, तरी कागद पांढराच. कचेरीतून आले की ते टेबलाशी बसत, टाक पुसत, पुन्हा पुसत, आणि कौसल्याबाईंनी चहा आणून ठेवला की तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत. मनातून माणूस घाबरला होता. चाळिशी जवळ आलेली; हिशेब तपासणारे कारकून सरकारला हवे तितके मिळाले असते, पण आपण कवी आहोत एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी आजवर मान ताठ ठेवली होती. तीच नसली तर मग उरतो तो कोण, हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, कविता पाण्याची आहे, तिला पाणी दाखवावं. ते शुक्रवारी नावाच्या तलावावर गेले, पायरी शोधून बसले, चष्मा काढून हातात धरला आणि पाण्याकडे टक लावली.

वाईला या दृश्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. नागपूरचा माणूस मात्र दुसऱ्याला एकटं सोडायला तयार नसतो. एक सायकलवाले गृहस्थ थांबले.

"काहून बसले जी इथं?"

"जरा एकटं बसू द्या," विश्वनाथराव पाण्यावरची नजर न काढता म्हणाले.

झालं! त्या गृहस्थांनी सायकल टाकली, आणखी दोघांना हाक मारली, तिघांनी मिळून विश्वनाथरावांना दंडाला धरून उठवलं, आणि "असं करू नये जी, लेकराबाळाचं पाहा" अशी समजूत घालत कॅरिअरवर बसवून घरी पोचतं केलं. लेकरंबाळं अजून झालेली नाहीत, एवढं सांगायचीही त्यांना सवड मिळाली नाही. गल्लीत शिरताना त्यांचा एक पाय चाकात जाऊ नये म्हणून उंच धरलेला होता आणि चष्मा सायकलवाल्याच्या खिशात होता.

रुपरावजींनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात विचारलं, "काहून जी साहेब? घरी झगडा झाला का?"

"छे हो!"

"कचेरीत कोनी तरास देऊन राहिलं?"

"नाही हो, रुपरावजी."

"मंग काय चालून राहिलं तुमचं? सांगा तं खरं."

विश्वनाथरावांनी खोल उसासा टाकला. आजवर बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या धिप्पाड माणसाला सांगून टाकली.

"काय सांगू? लिहिणं राहिलं."

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या दोन शब्दांनी केला. वाईत 'राहिलं' म्हणजे झालं नाही, बाकी पडलं. दळण राहिलं, नवस राहिला, धाकटीचं लग्न राहिलं. नागपुरात मात्र 'राहिलं' हे कामाच्या पाठीला लागलं की समजावं, काम जोरात चालू आहे. पाणी येऊन राहिलं, पोरगा शिकून राहिला, सून सासूशी भांडून राहिली. रुपरावजींनी विश्वनाथरावांचं वाक्य ऐकलं आणि मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं. बिचारा बाहेरगावचा माणूस, त्याला धड बोलता येत नाही. त्याला म्हणायचंय, लिहून राहिलो. आणि उसासा? एवढ्या मेहनतीचं काम म्हटल्यावर उसासा यायचाच.

"लिहून राहिले!" रुपरावजी ताडकन उठले. "अन् मले कोनी सांगितलं नाही! अवं प्रयागबाई, कवीसाहेब लिहून राहिले अन् तू त्यांच्या डोक्याखाली मिरच्या कुटून राहिली?"

"माय वं!" प्रयागबाईंनी मुसळ तिथल्या तिथे आडवं ठेवलं.

त्या दिवसापासून गल्ली चूप झाली. देवराव आपले पत्रे आणि हातोडी घेऊन नदीकाठच्या लिंबाखाली जाऊन ठोकू लागला. पोट्टे खेळायला पुढच्या चौकात हाकलले गेले. भाजीवाली भीमाबाई, जिची 'सांभार घ्या वं सांभाऽऽर' ही कोथिंबिरीची हाक पार तिकडच्या वेशीपर्यंत जायची, ती आता चपला खाली काढून माडीचा जिना चढे आणि दाराच्या फटीत तोंड घालून श्वासाइतक्या हळू म्हणे, "सांभार." पहिल्या दिवशी विश्वनाथराव खुर्चीवरून पडता पडता वाचले. आणि प्रयागबाईंनी मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन इतवारीत बहिणीकडे जायला सुरुवात केली. कुटायचं तिथे, आणि तिखट घेऊन परत यायचं.

"यांना झालंय तरी काय?" विश्वनाथरावांनी बायकोला विचारलं.

कौसल्याबाईंनी एव्हाना खालच्या ओसरीवर बसून गव्हातले खडे आणि नागपूरची बोली दोन्ही वेचायला सुरुवात केली होती. त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी 'राहिलं'चा हा सगळा उलगडा करून सांगितला. "त्यांना वाटतंय तुम्ही रात्रंदिवस लिहिताय. खाली जा आणि सांगून टाका बघू."

विश्वनाथराव निघाले, अगदी प्रामाणिकपणे निघाले. पण जिन्याच्या तळाशी पोचले तो रुपरावजी पलीकडच्या गल्लीतल्या एकाला सांगत होते, "आमच्याइथं कवी राहते. लिहून राहिले. तुमच्याइथं कोन राहते?" विश्वनाथराव आल्या पावली वर गेले. ज्यांच्यासाठी वाईने कधी कूससुद्धा बदलली नाही, त्यांच्यासाठी इथे एक अख्खी गल्ली श्वास रोखून बसली होती. हा मान असा जिन्यात टाकून द्यायचा? उद्या लिहू की! उद्या लिहिलं म्हणजे ते खरंच होईल, सांगायचं कारणच उरणार नाही.

उद्या काही उजाडला नाही. शांतता झाल्यावर तर फारच पंचाईत झाली. आधी निदान आवाजाला दोष देता येत होता. आता त्यांना आपल्याच टाकाची कुरकुर ऐकू येई, तीही दौतीत बुडवण्यापुरती. त्यांनी नुसती खुर्ची सरकवली तरी खाली कुणीतरी कुणाला म्हणे, "सुरू झालं." तेव्हा गल्लीचा मान राखायला ते अधूनमधून खुर्ची सरकवू लागले. कधी येरझारा घालत. एकदा तर चक्क छान ओळ सुचल्यासारखं "वा!" असंही म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की ते पांघरूण घेऊन पडून राहिले.

"प्रयागबाईंची मान धरलीय," एके दिवशी कौसल्याबाई पानावर भाजी वाढताना म्हणाल्या. "रोजची पाटी वाहून. मी तेल लावून आले."

विश्वनाथरावांनी भाजी पानाच्या कडेला सारली. तरी ते गप्प राहिले, कारण लाज अशी चीज आहे की जितका उशीर करावा तितकी तिची उंची वाढते.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, एक काळी आणि एक पिवळी, दोन्ही अवाढव्य बायांचे पुतळे. त्यांच्यामागून गल्लीगल्लीचे बडगे म्हणजे बुवांचे पुतळे. त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं असेल त्याचा बडगा करायचा, साऱ्या शहरातून मिरवायचा, आणि 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळायचा. मागल्या वर्षी रुपरावजींच्या गल्लीने रेशनच्या किडक्या ज्वारीचा बडगा केला होता, आणि पलीकडच्या गल्लीच्या रॉकेलच्या बडग्याने जास्त टाळ्या घेतल्या होत्या. ती सल रुपरावजींच्या मनात वर्षभर होती.

ते धुतलेलं धोतर नेसून माडीवर आले. मागे देवराव, हातात टोपी.

"साहेब, तुम्ही तं लिहूनच राहिले. त्यातल्या चार ओळी आमच्या बडग्याले द्या. बडगा कशाचा करायचा तेही तुम्हीच सांगा. औंदा आमच्याकडं कवी हाये, आमाले कोन हरवते?"

विश्वनाथरावांनी आजवर यमकालासुद्धा घरात घेतलं नव्हतं. त्यांनी कशीबशी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे त्यांनाही कळलं नाही. रुपरावजींना मात्र लगेच कळलं.

मग विश्वनाथरावांनी खरोखर जिवाचं रान केलं. महागाईवर बसले, तर सांज उतरू लागली. डासांवर बसले, तर तेही पाऊल न वाजवता आले. गल्लीचे लोक जिन्याखाली कान देऊन आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी एका सकाळी त्यांनी खिडकीतून प्रयागबाईंना जाताना पाहिलं. एका हाताने डोक्यावरची पाटी आणि दुसऱ्या हाताने मान धरून त्या चालल्या होत्या. विश्वनाथरावांनी टाक ठेवला आणि संध्याकाळी त्या परत आल्यावर ते खाली उतरले.

ओसरीत बडग्याचा सांगाडा उभा होता, नुसता बांबूचा, अजून कागद न चढवलेला. सगळी मंडळी जमली होती. ते दिसताच सगळे एकदम चूप झाले.

"मला काही सांगायचंय," ते म्हणाले. "मी लिहीत नाहीये. या गावात आल्यापासून मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही."

रुपरावजी हसले. "मजाक करून राहिले साहेब. तुम्हीच तं म्हटलं, लिहिनं राहिलं."

"आमच्याकडे राहिलं म्हणजे... होत नाही. बंद पडलं. बाकी उरलं." विश्वनाथरावांचा आवाज चिरका झाला. "तुमचा गैरसमज झाला तो मला दुसऱ्याच दिवशी कळला होता. पण माझ्यासाठी आजवर कुणी असं गप्प बसलं नव्हतं हो. मला ते आवडलं. म्हणून मी बोललो नाही. चूक माझी आहे."

मग प्रयागबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हंजे मी पाट्या वाहून वाहून मान मोडून घेतली, अन् तुम्ही वर नुसती खुर्ची वढून राहिले होते?"

"हो," विश्वनाथराव म्हणाले.

"बाप्पा!" देवराव एवढंच म्हणाला, आणि त्याने पायाशी पडलेला पत्र्याचा डबा उचलून त्यावर हातोडीचा एक सणसणीत दणका दिला. इतक्या दिवसांचा उपास सोडावा तसा. दोघं-चौघं फिसकन हसले. रुपरावजी मात्र हसले नाहीत. ते बांबूला सुतळीचे वेढे देत राहिले आणि वर न बघता म्हणाले, "ठीक हाये जी. जा तुम्ही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ओसरीच्या बाहेर गेला नाही. विश्वनाथरावांना शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या सकाळपासून मुसळ पडू लागलं. प्रयागबाई अशा कुटत होत्या की टेबलावरची दौत सरकत सरकत कडेला यायची. समोर हातोडी, चौकातून पोट्टे परत, भीमाबाईचा सांभार पुन्हा वेशीपर्यंत. विश्वनाथराव गल्लीतून मान खाली घालून येत-जात. आपण इथून जावं हे बरं, असं ते बायकोला म्हणाले. कौसल्याबाईंनी "बघू पुढे" म्हटलं आणि त्या खाली गेल्या. दोन दिवस त्या सारख्या खालीच असत. परत आल्या की हाताला खळ लागलेली असे आणि तोंडाला कुलूप.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच नवऱ्याला हाताला धरून मिरवणुकीला नेलं. "घरात बसून काय करणार? लिहिणार आहात?" असं विचारल्यावर विश्वनाथरावांनी चपला पायात सरकवल्या. रस्त्यात मुंगीला शिरायला जागा नाही. काळी मारबत आली, पिवळी आली, गुलाल उडाला, ढोल असे वाजत होते की छातीत घुमावेत. मग बडगे येऊ लागले, आणि त्यात रुपरावजींच्या गल्लीचा दिसला. पोट सुटलेला, चष्मा लावलेला, कानावर देवरावने ठोकलेला पत्र्याचा टाक खोचलेला एक बुवा समोरून डुलत येत होता.

"कौसल्या, मीच आहे तो," ते म्हणाले.

"चष्मा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं नीट बघा."

बुवाच्या छातीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'राहिलं'. आणि अंगभर वस्तू टांगलेल्या. दंडाला लिहायची एक फुटकी पाटी होती. रुपरावजींची शाळा बाप वारल्यावर चौथीतच सुटली होती. कमरेला प्रयागबाईंचा काशीला न्यायचा गडू, जो काशीला कधी गेलाच नाही. पाठीवर पत्र्याची बिनझाकणाची पेटी. साऱ्या गावाच्या कोठ्या ठोकणाऱ्या देवरावला बायकोची पेटी पुरी करायला सवड मिळाली नव्हती, आणि आता बायकोच नव्हती. डोक्यावर एक कोरा कागद. तो कुणाचा हे सांगायला नको. आणि गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेली एक बारीकशी तार दिसली. विश्वनाथराव पुढे झाले. ती सतार छेडायची नखी होती. लग्नाआधी कौसल्याबाई सतार शिकत असत. लग्नानंतर 'बघू पुढे' असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि म्हणणाऱ्याला ते आत्ता आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोविषयी माया दाटून आली.

"लिहिनं राहिलं!" रुपरावजींचा गिरणीतला आवाज ढोलांवरून गेला.

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली ओरडली.

"शिकनं राहिलं!"

"घेऊन जा गे मारबत!"

"काशी राहिली!"

"घेऊन जा गे मारबत!"

लोक आधी हसले. मग त्यांना अर्थ कळला, आणि जो तो गर्दीतून आपलं राहिलेलं ओरडू लागला. कुणाचं घर राहिलं होतं, कुणाची माहेरची वाट राहिली होती. आवाजाचा नुसता गलका झाला, ताल सुटला. रुपरावजींनी वळून पाहिलं, त्यांना विश्वनाथराव दिसले, आणि त्यांनी गर्दीतून त्यांचा दंड धरून ओढला. तलावावरून आणताना धरला होता तोच.

"म्हना ना जी पुढचं! काहून पाहून राहिले?"

विश्वनाथरावांनी तोंड उघडलं. आतून काही येईल याची त्यांना खात्री नव्हती.

"सतार राहिली!" ते ओरडले.

"घेऊन जा गे मारबत!" आख्ख्या रस्त्याने उत्तर दिलं. ते उत्तर त्यांच्या पायांतून वर आलं. मग त्यांना थांबताच येईना. गर्दीतला गलका ते कानांनी वेचत आणि ढोलाच्या ठोक्यावर बसवून परत देत. हसवणारं द्यायचे, मग मध्येच एखादं दुसरं.

"बाप होता तवर बोलायचं राहिलं!"

"घेऊन जा गे मारबत!"

"निघताना मागं पाहायचं राहिलं!"

या ओळीला उत्तर जरा उशिराने आलं, आणि आलं ते सगळ्यांकडून नाही. देवराव रिकाम्या पेटीकडे बघत होता. रुपरावजींनी उपरण्याने तोंड पुसलं. गुलाल डोळ्यांत गेला म्हणाले. पण पुढच्या ओळीला पुन्हा सगळे जिवाच्या आकांताने ओरडले, आणि पलीकडच्या गल्लीचा बडगा त्या दिवशी कशाचा होता हे कुणाला आठवतसुद्धा नाही. विश्वनाथरावांचा घसा बसला तेव्हा शहर मागे पडलं होतं आणि बुवा पेटला होता. गडू, पाटी, पेटी आधीच उतरवून घेतलेली. नखी कौसल्याबाईंच्या मुठीत होती. कोरा कागद मात्र कुणी उतरवला नाही. तो भुरकन जळला.

दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी नव्हती, पण विश्वनाथरावांचा आवाज पार गेला होता, म्हणून ते घरी राहिले. कौसल्याबाई महालात कुणी सतार शिकवणारे आहेत त्यांची चौकशी करायला गेल्या होत्या. जाऊन या, असं नवऱ्यानेच सकाळी खुणेने सांगितलं होतं, आणि त्यांना ते दोनदा खुणावून घ्यावं लागलं, इतका त्यांचा विश्वास बसेना. खाली प्रयागबाईंचं मुसळ पडत होतं. धप्प, धप्प. विश्वनाथराव टेबलाशी बसले, एकदा शिंकले, खुर्ची पुढे ओढली.

मुसळ थांबलं.

ते टाक हातात घेऊन तसेच गॅलरीत धावले. "का थांबलात?" घशातून फाटका आवाज निघाला.

"खुर्ची वाजली ना जी," प्रयागबाई वर बघत म्हणाल्या. "म्हटलं, न जानो, या बारीले खरंच..."

"थांबू नका! कुटून राहा!"

"कुटून राहा नाही जी, कुटत राहा म्हनतेत," प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला. "या मानसाले बोलनं कवा येईन?"

ओसरीवर रुपरावजी चिलीम ठोकत बसले होते. ते उठून अंगणात आले, आणि वर पाहून डोळे बारीक करत त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब! खरं सांगा. लिहिनं राहिलं का?"

समोर देवरावची हातोडी हवेत थांबली. भीमाबाई सांभाराची जुडी हातात धरून उभी राहिली. विश्वनाथराव कठड्यावरून वाकले. टाकाची शाई त्यांच्या बोटांवरून ओघळून खाली अंगणात टपकत होती.

"राहिलं, रुपरावजी," ते म्हणाले. "तुमच्याकडचं राहिलं. आमच्याकडचं नव्हे!"